जलद वजनघट आणि शरीरातील चरबीचे मापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वजनकाटा शरीराचे एकूण वजन दाखवतो. त्यात चरबी, स्नायू व पाणी यांचा वाटा किती, हे तो सांगत नाही. तरीही कुस्तीसारख्या खेळात खेळाडूची पात्रता याच एका आकड्यावर ठरते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अंतिम लढतीपूर्वी विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम अधिक भरले व त्या अपात्र ठरल्या. या पार्श्वभूमीवर जलद वजनघट व चरबीमापन यांतील विसंगती तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वजनघटीचे स्वरूप :
एक किलो चरबी घटण्यासाठी साधारणतः ७,७०० किलोकॅलरी ऊर्जेची तूट पडावी लागते. दररोज २,००० ते २,५०० किलोकॅलरी खर्च करणाऱ्या व्यक्तीने पूर्ण उपवास केला तरी त्यास तीन ते चार दिवस लागतील. साहजिकच दोन दिवसांत तीन-चार किलो वजन घटत असेल, तर ती घट मुख्यतः पाण्याची असते. स्नायू व यकृतातील ग्लायकोजेन संपते, तेव्हा त्याच्यासोबतचे सुमारे तिप्पट पाणीही जाते.

मापनपद्धतींची मर्यादा :
प्रचलित पद्धती चरबी प्रत्यक्ष मोजत नाहीत, तिचा अंदाज बांधतात. सिरी यांचे १९६१ चे सूत्र चरबीविरहित शरीराची घनता १.१० मानते. विद्युतरोधावर आधारित यंत्र अशा शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असल्याचे गृहीत धरते. शरीर शुष्क झाल्यावर ही दोन्ही गृहीतके ढासळतात. पाण्याखालील वजनाच्या पद्धतीत चरबी प्रत्यक्षाहून कमी दिसते, तर विद्युतरोध यंत्रावर सामान्यतः अधिक दिसते. म्हणजे एकाच शरीराविषयी दोन पद्धती परस्परविरुद्ध दिशांनी चुकतात. अचूक मापनाची निकड ज्या वेळी सर्वाधिक, नेमकी त्याच वेळी मापनाची विश्वसनीयता सर्वात कमी असते. त्वचेच्या घडीच्या जाडीवरून केलेल्या अंदाजात तीन टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. ६० किलोच्या मल्लाच्या बाबतीत तो १.८ किलो होतो.

उंची व वजन यांच्या गुणोत्तरानेही हा प्रश्न सुटत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ होता, चरबीचे प्रमाण मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होते. ही तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

नियमांची चिकित्सा :
१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन घटवण्याच्या प्रयत्नात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. त्यानंतर तेथे प्रत्येक मल्लाचे किमान वजन हंगामाच्या आरंभी ठरवण्याचा नियम आला. आधी लघवीची सापेक्ष घनता तपासली जाते; ती १.०२० हून अधिक असल्यास चरबीमापन केले जात नाही. त्यानंतर किमान ५ टक्के चरबी गृहीत धरून वजनाची मर्यादा निश्चित होते. या नियमाचे खरे मोल त्यातील आकड्यापेक्षा क्रमात आहे : आधी पाणी, मग चरबी, शेवटी वजनगट.

निष्कर्ष :
जलद वजनघट म्हणजे चरबीघट नव्हे. शुष्क शरीरावर घेतलेले चरबीचे माप ग्राह्य मानता येत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडताना शारीरिक शिक्षण विभागांनी हाच क्रम स्वीकारणे आवश्यक आहे. वजनगट विद्यार्थ्याच्या शरीरावरून ठरावा. संघातील रिकाम्या जागेसाठी विद्यार्थ्याचे शरीर वाळवले जाऊ नये.