शापावाचून शिळा : विल्यम स्टाईग यांच्या एका चित्रकथेचा विचार

प्राण्यांची गोष्ट म्हटली की तिच्या शेवटी तात्पर्य असावयाचेच, ही अपेक्षा मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती एक अपेक्षा आहे, याचेही भान त्याला सहसा राहत नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून कोल्हा, सिंह, बगळा आणि गाढव ही मंडळी छापील मराठीत मुलांच्या शिक्षकाचे काम करीत आली आहेत. पंचतंत्र आणि हितोपदेश यांनी ते काम त्यांच्याकडे त्याच्याही कितीतरी आधी सोपविले होते. या वर्गात गाढवाच्या वाट्याला बहुधा एकच धडा येतो. वाघाचे कातडे पांघरून ते शेतात शिरते, ओरडते आणि जिवास मुकते. म्हणींतही त्याच्यापुढे गीता वाचली जाते ती व्यर्थ जाण्यासाठीच. अशा परंपरेत वाढलेल्या वाचकापुढे, ज्याने काहीही अपराध केलेला नाही अशा एका गाढवाच्या पोराची कथा आली, तर तो तिचे मूल्य कोणत्या मापाने करील? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. बालवाङ्मयाकडे पाहण्याची आपली दृष्टीच त्यात पणाला लागते, असे आम्हांस वाटते.

ज्या पुस्तकाच्या निमित्ताने हा विचार करावयाचा आहे, ते ‘सिल्व्हेस्टर अँड द मॅजिक पेबल’, म्हणजे ‘सिल्व्हेस्टर आणि जादूचा खडा’, अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक व चित्रकार विल्यम स्टाईग (१९०७–२००३) हे ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातील व्यंगचित्रकार म्हणून सुमारे चार दशके ख्याती पावलेले होते. मुलांसाठी ते लिहू लागले ते साठी उलटल्यावर. या पुस्तकातील चित्रांसाठी त्यांना १९७० चे कॅल्डेकॉट पदक मिळाले.

कथानक थोडक्यात असे. सिल्व्हेस्टर डंकन हा गाढवाचा मुलगा आईबापांसह राहतो आणि निरनिराळ्या आकारांचे, रंगांचे खडे गोळा करतो. सुटीतल्या एका पावसाळी शनिवारी त्याला एक लालभडक, गोटीसारखा गोल खडा सापडतो. पाऊस थांबावा असे तो सहज म्हणतो आणि पाऊस थांबतो. खडा हाती असताना केलेली इच्छा पुरी होते, हे त्याच्या ध्यानात येते. हे नवल घरी सांगण्यासाठी आनंदाने निघाला असता टेकडीवर त्याच्यापुढे सिंह उभा राहतो. भयाने त्याची मती गुंग होते आणि आपण खडक व्हावे असे तो म्हणून जातो. तो खडक होतो. सिंह गोंधळून निघून जातो. परंतु खडा खडकाच्या शेजारी जमिनीवर पडलेला असतो आणि खडकाला हात नसतात. आईबाप त्याला शोधतात, शेजाऱ्यांना विचारतात, पोलिसांकडे जातात. गावातले कुत्रे वास घेत खडकापर्यंत येतात, पण खडकाला खडकाचाच वास येतो. शरद जातो, हिवाळा जातो. मे महिन्यात दुःखी आईबाप मन रमविण्यासाठी त्याच टेकडीवर वनभोजनास येतात. आई खडकावर बसते. तिच्या उबेने तो आतल्या आत जागा होतो. वडिलांना गवतात लाल खडा दिसतो. आपल्या मुलाला हा किती आवडला असता, या विचाराने ते तो उचलून खडकावर ठेवतात. पुन्हा आपण स्वतः व्हावे असे सिल्व्हेस्टर मनात म्हणतो आणि आईबापांसमोर उभा राहतो.

तात्पर्याची सवय असलेला वाचक येथे पहिला प्रश्न विचारील तो अपराधाचा. इच्छापूर्तीच्या कथा जगभर आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा लोभाच्या शिक्षेच्या कथा आहेत. वर मिळतो, मागणारा अधिक मागतो आणि शेवटी होते तेही गमावून बसतो. सिल्व्हेस्टरला या साच्यात बसविता येत नाही. त्याने धन मागितले नाही, सत्ता मागितली नाही. आपले भाग्य आप्तांबरोबर वाटून घ्यावे एवढीच त्याची मनीषा होती. त्याने विवेक केला नाही असे फार तर म्हणता येईल. सिंहच नाहीसा व्हावा किंवा आपण सुखरूप घरी असावे असे त्याला म्हणता आले असते, हे लेखकही सांगतात. पण ते दोषारोपाच्या सुरात सांगत नाहीत. घाबरलेले लेकरू घाबरलेल्या लेकरासारखे वागले, इतकीच त्या कथनाची भूमिका आहे. भय हा दोष नव्हे, आणि खडक होणे ही शिक्षा नव्हे. कथेचा हा पायाच आपल्या परंपरेहून वेगळा आहे.

तो किती वेगळा आहे हे पाहण्यासाठी उल्हासनगर-अंबरनाथच्या वाचकास दूर जावे लागत नाही. वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील आहे. ते ज्या शिलाहारांच्या राजवटीत उभे राहिले, त्यांच्याच उत्तर कोकणात गाढव आणि शिळा यांची एक जोडी प्रसिद्ध आहे. ती म्हणजे गधेगाळ. अशा दानशिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात, मध्ये लेख असतो आणि खालच्या भागात गाढव व स्त्री यांचे बीभत्स शिल्प असते. जो हे दान मोडील त्याच्या मातेची अशी विटंबना होवो, असा त्या शिल्पाचा अर्थ. अपरादित्याचा शके ११०८ मधील परळचा शिलालेख हे याचे ख्यातनाम उदाहरण होय. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्यांना हे शाप अपरिचित नाहीत.

गधेगाळाशी स्टाईग यांच्या पुस्तकाचा कोणताही ऐतिहासिक संबंध नाही, हे उघड आहे. परंतु दोहोंना शेजारी ठेवले असता एक विलक्षण उलटापालट दिसते. शापशिळेवर गाढव आहे ते दहशतीसाठी, माता आहे ती अवमानासाठी, आणि चंद्रसूर्य आहेत ते शाप अखंड राहावा म्हणून. चित्रकथेत शिळेच्या आत भ्यालेले पोर आहे, शिळेवर बसलेली माता ऊब देते आहे, आणि खडकाच्या माथ्यावर पसरलेले चांदण्यांचे आकाश त्या पोराच्या एकटेपणाची खोली दाखविते. द्रव्ये तीच, पण शापाचा भागच तेथून काढून घेतलेला आहे.

अहल्येची कथा येथे कोणालाही आठवेल. वाल्मीकि-रामायणाच्या बालकांडात अहल्या शिळा होत नाही. ती भस्मात पडून, वायुभक्षण करीत, सर्व प्राण्यांना अदृश्य होऊन राहते. शिळेची कल्पना पुढच्या परंपरेने रूढ केली. परंतु दोन्ही रूपांत क्रम एकच आहे. आधी अपराध, मग शाप, शापाबरोबरच उःशाप, आणि शेवटी उद्धार करणारा महापुरुष. सिल्व्हेस्टरच्या कथेत या चारांपैकी एकही नाही. त्याला कोणी शापिलेले नाही, म्हणून त्याला उःशापाचा आधारही नाही. आपली सुटका केव्हा होईल किंवा होईल की नाही, हे सांगणारे त्याच्यापाशी कोणी नाही. म्हणूनच हे दुःख शापाहून अधिक असह्य आहे. शापाला निदान अर्थ असतो.

मग सुटका होते ती कशाने? येथे एक गंभीर आक्षेप घेता येण्याजोगा आहे. आईबाप नेमके त्याच टेकडीवर येतात, आई नेमकी त्याच खडकावर बसते, वडिलांना नेमका तोच खडा दिसतो. हा सगळा योगायोग नव्हे काय? योगायोगावर उभारलेला शेवट कलेच्या दृष्टीने कच्चा असतो, हे मत आपण विद्यार्थ्यांना नेहमी शिकवितो. लेखकाने स्वतःच, असे काही घडण्याचा संभव अब्जात एक, असा हिशेब मध्यंतरी मांडून ठेवलेला आहे.

या आक्षेपाचे उत्तर शाकुंतलाच्या तुलनेने देता येईल. कालिदासाच्या नाटकात अंगठी हरवते, कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, राजापर्यंत पोहोचते आणि तिच्या दर्शनाने दुष्यंताची स्मृती जागी होते. तेथे अभिज्ञान आधी व स्मरण नंतर. स्टाईग यांनी हा क्रम उलटा केला आहे. डंकन दांपत्य मुलाला क्षणभरही विसरलेले नाही. वडील खडा उचलतात तो जादूचा म्हणून नव्हे, कारण त्यांना जादूची वार्ताही नाही. त्यांना मुलाचा छंद आठवतो, एवढेच कारण. स्मरण आधी आणि अभिज्ञान त्याच्या मागून. जिच्यातून काहीही निष्पन्न होण्याची आशा उरलेली नाही, अशी ही आठवण आहे. गवतातला खडा दिसणे हा योगायोग खरा, पण तो उचलला जाणे हा योगायोग नाही. दुसऱ्या कोणाही वाटसरूने तो तेथेच राहू दिला असता. म्हणून हा शेवट नुसत्या दैवाने घडलेला नाही, तो पात्रांच्या स्वभावातून सिद्ध झालेला आहे, असे आमचे मत आहे. जादू येथे फक्त शेवटचे पाऊल टाकते. तिथपर्यंतची वाट ममतेने चाललेली असते.

हा परिणाम शब्दांनी एकट्याने साधला नसता. चित्रकथा ही ‘सचित्र गोष्ट’ नव्हे; तीत चित्र शब्दाची पुनरुक्ती करीत नाही, तर शब्दाने न उचललेला भार उचलते. खडक खडकासारखाच रंगविलेला आहे. त्यावर गाढवाचे डोळे किंवा कान सुचविण्याचा मोह चित्रकाराने टाळला आहे. त्यामुळे पाने उलटताना मुलाला जे दिसते तेच आईबापांनाही दिसते, पण मुलाला ठाऊक असते ते त्यांना ठाऊक नसते. पाने गळतात, बर्फ पडते, एक लांडगा खडकावर बसून हेल काढतो. आणि वाचणारे मूल प्रत्येक पानावर त्या दगडाला मनातून हाक मारीत राहते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे प्रेक्षक पात्रांहून अधिक जाणता आहे आणि त्या जाणतेपणामुळेच असहाय आहे. करुणाचा परिपोष इतक्या अल्प साधनांनी झालेला क्वचितच पाहावयास मिळतो.

पुस्तक निर्दोष आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. माता रडते आणि पिता धीर देतो, ही वाटणी त्या काळच्या चाकोरीतली आहे. शिवाय त्यातील पोलीस डुकरांच्या रूपात दाखविले म्हणून १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील पोलीस संघटनांनी आक्षेप घेतला आणि काही ग्रंथालयांतून हे पुस्तक काढलेही गेले. त्या काळी तेथे ‘डुक्कर’ ही पोलिसांना देण्याची शिवी होती, हे लक्षात घेता हा आक्षेप अनाकलनीय नाही. पण हे पोलीस डंकन दांपत्याशी सहानुभूतीने वागतात, आणि सिल्व्हेस्टरच्या बरोबरीच्या मुलांत पिल्ले, शिंगरे यांच्याबरोबर डुकरांची पोरेही आहेत. चित्र न पाहता त्यातील एक खूण तेवढी वाचली की काय घडते, याचा हा धडा आहे. चित्र न पाहता तात्पर्य तेवढे वाचणारे आम्ही मराठी समीक्षक त्याहून फार वेगळे नाही.

या परिसरात या कथेला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली ‘कल्याण कॅम्प’चे उल्हासनगर झाले. ज्यांनी घर गमावले ते कोणत्या अपराधामुळे नव्हे. ज्या मुलांच्या घरात अशा आठवणी आहेत, किंवा ज्यांच्या वाट्याला आज दुसऱ्या प्रकारचे विस्थापन आले आहे, त्यांना आपण केवळ तात्पर्याच्याच कथा देत राहिलो, तर नकळत एक क्रूर गोष्ट शिकवितो : दुःख आले, त्या अर्थी चूक झालीच असली पाहिजे. सिल्व्हेस्टरची कथा ही समजूत खोडून काढते. निरपराध मूलही दगड होऊ शकते, आणि तरी त्याला शोधणारे कोणी थकलेले नसते, हे ती सांगते. ते ती उपदेशाने सांगत नाही. खडकावर बसलेल्या आईच्या चित्राने सांगते.

पुस्तकाच्या शेवटी डंकन जादूचा खडा लोखंडी तिजोरीत ठेवून देतात. कधी गरज पडेलही, पण तूर्त त्यांना मागण्यासारखे काही उरलेले नाही. खडा फेकून दिलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इच्छा वाईट असे लेखक म्हणत नाहीत, जगातले भय संपले असेही म्हणत नाहीत. बालवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याने या संयमापासून शिकावे. पदव्युत्तर वर्गात चित्रकथा ही संहिता म्हणून, शब्द आणि चित्र या दोन्ही अंगांनी, वाचली जाणे अगत्याचे आहे. असे वाचन सुरू झाले की ‘या गोष्टीवरून काय बोध घ्यावा?’ या जुन्या प्रश्नाच्या आधी आपण निराळा प्रश्न विचारू लागू : या गोष्टीत कोणाचे दुःख खरे मानले आहे?