मुखपृष्ठाचा रंग, शेवटचे पान

आपला पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. सामान्य नागरिकाला निळा, सरकारी कामासाठी पांढरा, राजनैतिक अधिकाऱ्याला मरून. हे रंग पदाचे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नारिंगी मुखपृष्ठ जाहीर केले, ते मात्र माणसाची प्रत सांगणारे होते: मुख्यतः दहावी न झालेल्या, आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागणाऱ्यांसाठी. टीका झाली आणि महिनाअखेरीस निर्णय मागे घेतला गेला.

रंग गेला, शेवटच्या पानावरची नोंद राहिली. मुखपृष्ठ एक म्हणून दर्जा एक ठरत नाही. १९६८ च्या कायद्याने ब्रिटनने केनियातील भारतीय वंशाच्या आपल्याच पासपोर्टधारकांचा मुक्त प्रवेशाचा हक्क काढून घेतला. पासपोर्ट मात्र ब्रिटिशच राहिला.

तरीही नारिंगीला झालेला विरोध मला योग्य वाटतो. नोंद तपासणारा अधिकारी वाचतो. रंग रांगेतला प्रत्येक जण वाचतो. मजुराची फसवणूक टाळण्यासाठी केलेली नोंद मुखपृष्ठावर आली की संरक्षण संपते आणि शिक्का उरतो.