कॅडेट फॉकनरची सेवापुस्तिका

गेल्या हिवाळ्यात येथील आमच्या मंडळाच्या वाङ्मयशाखेत आम्ही विल्यम फॉकनर या अमेरिकन कादंबरीकारावर एक निबंध वाचला. श्रोते वीस-पंचवीस; बदलीच्या गावी मराठी निबंधाला याहून अधिक श्रोते मिळत नाहीत. परिचयाच्या भागात आम्ही असे म्हटले होते की, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदळातर्फे फ्रान्समध्ये लढत असता फॉकनरचे विमान कोसळले, तो जखमी झाला आणि त्या जखमेतूनच त्याचे युद्धविषयक लेखन जन्मास आले. वाक्य आम्हांस आवडले होते. वाचन संपल्यावर विमानदळातून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध सभासदांनी एकच प्रश्न केला, "स्क्वाड्रन कोणते?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आमची माहिती एका जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठावरून घेतलेली होती. गंमत अशी की, गेली दहा-अकरा वर्षे आमचा दिवस इतरांच्या सेवापुस्तिका तपासण्यात जातो. माजी सैनिक म्हणून वयाची सवलत मागणारा उमेदवार आला, तर त्याचे डिस्चार्ज बुक पाहिल्यावाचून आम्ही कागद पुढे सरकवीत नाही. मग ग्रंथकाराच्या शौर्यास मात्र मलपृष्ठावरील चार ओळींच्या भरवशावर आम्ही मान्यता कशी दिली? या ओशाळेपणातून जो शोध घेतला, त्याची हकीकत येथे देत आहोत.

फॉकनरची नोंद कॅनडातील रॉयल एअर फोर्सच्या दप्तरात आहे. ती खोटी नाही. १९१८ च्या जुलैमध्ये तो टोरोंटोस कॅडेट म्हणून रुजू झाला. मात्र पहिल्याच कागदापासून कल्पनाशक्तीने काम सुरू केलेले दिसते. मिसिसिपी राज्यातील न्यू ऑल्बनी येथे २५ सप्टेंबर १८९७ रोजी जन्मलेल्या या तरुणाने आपला जन्म इंग्लंडातील फिंचली येथे १८९८ साली झाला असे लिहून दिले, आणि घराण्याच्या आडनावात एका अक्षराची भर घालून ते अधिक इंग्रजी वळणाचे केले. पुढे वर्गातील शिक्षण, कवायत, विमानांची रेखाचित्रे काढलेल्या वह्या. ११ नोव्हेंबरला युद्धविराम झाला तेव्हा शिक्षणक्रम अपुराच होता. डिसेंबरात स्वारी घरी परतली. फ्रान्स दूरच राहिले; त्या काळात तो एकट्याने विमान चालवू शकला की नाही याविषयीही चरित्रकार साशंक आहेत. सेकंड लेफ्टनंट हा मानद हुद्दा त्यास मिळाला तो १९२० मध्ये, युद्ध संपून वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर.

पण ऑक्सफर्ड गावच्या स्थानकावर उतरला तो अधिकाऱ्याच्या गणवेषात, छातीवर वैमानिकाचे पंख लावून! त्या वेषातील छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. पाठोपाठ लंगडणे आले, हाती काठी आली. काही वर्षांनी न्यू ऑर्लीन्स येथील मित्रमंडळींत डोक्यात चांदीचा पत्रा बसविल्याची वार्ता पसरली. शेरवुड अँडरसनसारख्या मुरलेल्या कथाकाराने ती खरी मानली आणि १९२५ च्या 'अ मीटिंग साउथ' या कथेत त्याच धर्तीचा एक जखमी, लंगडणारा वैमानिक उभा केला. एकाची थाप दुसऱ्याच्या कलाकृतीत अशी कायम वस्तीस गेली.

येथवर हसून सोडून द्यावे, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. फॉकनरचा धाकटा भाऊ जॅक हा अमेरिकन मरीन दलात होता. तो खरोखर फ्रान्समध्ये लढला आणि १९१८ च्या अखेरीस आर्गॉनच्या लढाईत डोक्याला व पायाला जखमी झाला. थोरल्या भावाने मिरविलेल्या जखमाही नेमक्या त्याच अवयवांच्या. ज्या घरात एक मुलगा खरी जखम घेऊन परततो, त्याच घरात दुसऱ्याने काठी टेकीत हिंडावे, हा केवळ विनोद नव्हे. त्यात कुणाचे तरी काही उचललेले असते.

आता मुख्य प्रश्न. आमच्या समीक्षेत 'अनुभवाची प्रामाणिकता' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की लेखकाने जे भोगले तेच त्याने लिहावे, आणि भोगले नसेल तर लेखन कृत्रिम, असा त्याचा ढोबळ अर्थ आम्ही सर्वजण करीत आलो आहोत. या न्यायाने दप्तर तपासताच फॉकनरची पहिली कादंबरी 'सोल्जर्स पे' (१९२६) रद्दीत टाकावयास हवी. आम्ही ती पुन्हा वाचली, आणि वेगळेच काही हाती लागले.

कादंबरीच्या आरंभी युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची आगगाडी आहे. त्या गाडीत ज्युलियन लो नावाचा एक कॅडेट बसला आहे. शिक्षण चालू असतानाच युद्ध संपले म्हणून तो चडफडतो आहे. तेवढ्यात चेहऱ्यावर भयानक व्रण असलेला, दृष्टी जात चाललेला, मरणोन्मुख वैमानिक डोनाल्ड मॅहन त्याच्यासमोर येतो. आणि या पोराला त्याची दया येत नाही, हेवा वाटतो! ते पंख आणि तो व्रण मिळत असेल तर मरणही पत्करावे, असे त्याला वाटते. पहिल्या वाचनात आम्ही मॅहनमध्ये फॉकनरला शोधीत होतो, कारण मलपृष्ठाने तसे शिकविले होते. त्यामुळे लो आम्हांस एक किरकोळ, हास्यास्पद पात्र वाटला आणि त्याची पुढची बालिश, अशुद्ध पत्रे आम्ही भराभर उलटली. खरी नोंद हाती आल्यावर ध्यानात आले की लेखक तेथे बसला आहे. गावात पंख लावून हिंडलेल्या माणसाने त्या पंखांचा हव्यास एका मूर्ख पोराच्या गळ्यात बांधून त्याची यथेच्छ टर उडविली आहे. उलट मॅहन जवळजवळ संपूर्ण कादंबरीभर मुका आहे. शेवटी एकदाच, मरणापूर्वी, त्याच्या स्मृतीतील आकाशयुद्ध येते, आणि आमच्या मते तोच या पुस्तकातील सर्वांत उसना भाग होय. लेखक जे जाणत होता ते त्याने निर्दयपणे लिहिले; जे जाणत नव्हता त्याभोवती बहुतांशी मौन पाळले. गावकऱ्यांशी तो खोटे बोलला खरा, कादंबरीत मात्र बोलला नाही.

अर्थात, न पाहिलेले लिहिताच येत नाही असे यावरून कुणी समजू नये. हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' (१९२९) मधील कापोरेत्तोची माघार वाचताना पावसाचा चिखल आपल्या बुटांना लागतो. ती माघार १९१७ च्या शरदातील. हेमिंग्वे इटलीत पोहोचला १९१८ च्या जूनमध्ये, तोही सैनिक म्हणून नव्हे, रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेवर. पुढे ८ जुलैस तो खरोखर जखमी झाला. पण जी माघार त्याने पाहिली नव्हती, ती त्याने नकाशे नि पुस्तके वाचून उभी केली आहे.

आपल्या देशातील उदाहरण याहून बोलके आहे. कचेरीतील बंगाली सहकाऱ्यांकडे काझी नझरुल इस्लाम यांचा विषय काढला की मेसोपोटेमियाच्या रणभूमीचा उल्लेख पुष्कळदा होतो. नझरुल १९१७ साली शाळा सोडून एकोणपन्नासाव्या बंगाली पलटणीत भरती झाले, कराचीच्या छावणीत राहिले, हवालदार झाले आणि १९२० मध्ये पलटण मोडल्यावर कलकत्त्यास आले. पलटणीचे लोक मेसोपोटेमियात गेले होते. नझरुल मात्र गेले नव्हते. छावणीतून धाडलेल्या लेखनावर ते 'हवालदार काझी नझरुल इस्लाम' अशी सही करीत. जेवढा हुद्दा तेवढाच लिहिला. 'शात-इल-आरब' ही त्यांची कविता वाचून वाचकांनीच त्यांना त्या नदीकाठी नेऊन उभे केले. येथे कवीचे विधान दप्तराशी जुळते. चूक आहे ती भाविकांची. कराचीच्या बराकीत मौलवींकडून शिकलेली फारसी आणि तेथे लिहिलेल्या कथा यांकडे या काल्पनिक लढाईमुळे आपले दुर्लक्ष होते, हा खरा तोटा.

फॉकनरकडे परत येऊ. १९४६ साली माल्कम काउली हा समीक्षक त्याच्या निवडक लेखनाचा संग्रह सिद्ध करीत होता. प्रस्तावनेत त्यानेही भोळेपणाने युद्धातील पराक्रम घातला. आता पन्नाशीकडे झुकलेल्या फॉकनरने तो मजकूर गाळण्यासाठी पत्रांमागून पत्रे लिहिली. टंक पुन्हा जुळविण्याचा खर्च सोसण्याचीही तयारी दाखविली. पण 'मी लढलो नाही' हे तीन शब्द त्याच्या लेखणीतून उतरले नाहीत. १९१८ मध्ये रॉयल एअर फोर्सचा एक सदस्य होता, एवढेच लिहावे असे त्याने सुचविले. हे वाक्य आम्ही व्यवसायबंधूच्या कौतुकाने वाचले. त्यात एकही अक्षर खोटे नाही, आणि विचारले त्याचे उत्तरही नाही. इतकी निर्दोष टिप्पणी आमच्या विभागात आजवर कुणास साधलेली नाही. अखेर खरी हकीकत बाहेर आली ती १९६२ साली त्याच्या मृत्यूनंतर, संशोधकांनी कॅनडातील कागद चाळले तेव्हा.

हे सर्व त्या वयोवृद्ध सभासदांच्या घरी जाऊन आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "मग हा गृहस्थ कधी उडालाच नाही?" उडाला, आम्ही म्हणालो. १९३३ साली, पस्तिशी उलटल्यावर, त्याने मेम्फिस येथे एका शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले, परवाना मिळविला, स्वतःचे विमान घेतले. धाकट्या डीनलाही त्याने हा नाद लावला. १० नोव्हेंबर १९३५ रोजी डीन त्याच विमानाच्या अपघातात गेला. 'सार्टोरिस' (१९२९) या कादंबरीत फ्रान्सच्या आकाशात मेलेल्या एका कल्पित वैमानिकाच्या थडग्यावर फॉकनरने बायबलातील जे वचन घातले होते, तेच त्याने डीनच्या दगडावर कोरविले.

सभासद काही वेळ बोलले नाहीत. मग सवयीने म्हणाले, "परवाना कोणत्या महिन्यातला?"

"डिसेंबर," आम्ही सांगितले. या खेपेस उत्तर तयार होते.