‘भारतातील रस्ते अपघात २०२२’: रकान्यांत न मावलेली माणसे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हा वार्षिक अहवाल वाहतूक अभियांत्रिकी शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी उघडून पाहावा. २०२२ मध्ये १,६८,४९१ मृत्यू. राज्य, वय, वाहन, रस्त्याचा प्रकार, सगळे तक्ते व्यवस्थित. माझा आक्षेप आकड्यांवर नाही, रकान्यांवर आहे.

दोन तक्ते शेजारी ठेवून वाचा. मृतांमध्ये पादचारी १९.५ टक्के, म्हणजे पाचात जवळपास एक. दुसऱ्या तक्त्यात ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या नियमभंगाखाली येतात. वेग कोणाचा होता आणि जीव कोणाचा गेला, हे त्यातून कळत नाही. पाळी संपवून घरी निघालेला मजूर आणि सकाळी फिरायला बाहेर पडलेला बंगलेवाला, दोघेही नुसते ‘पादचारी’. मृताचा व्यवसाय किंवा उत्पन्न सांगणारा तक्ताच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आत्महत्यांच्या आकडेवारीत या दोन्ही गोष्टी छापतो, तेव्हा अशी नोंद ठेवणे अशक्य नाही.

रकाना नसला की आखणीही आंधळी होते. महामार्गाने दुभंगलेली एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणा: अलीकडे घरे, पलीकडे बसथांबा आणि पाण्याचा नळ. उपाय म्हणून पादचारी पूल बांधतात. गणित करून पाहा. वाहनांसाठी ५.५ मीटर उंची मोकळी ठेवायची, पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर तुळईची जाडी सोडूनही ३७ पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई दुभाजकाच्या फटीतूनच जाणार. पूल रिकामा दिसला की आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही! गाड्यांना सपाट रस्ता आणि माणसांना जिना, हा निर्णय मात्र आपल्यासारख्याच कुणा अभियंत्याने कागदावर घेतलेला असतो.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम १९८अ हे ओळखते. मानके न पाळता रस्ता आखला, बांधला किंवा राखला आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम तुटपुंजीच. पण अहवालाच्या नियमभंगाच्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने जाणे, लाल दिवा तोडणे आणि मोबाइल हेच रकाने आहेत. १९८अ मोडणाऱ्याला ‘इतर’मध्ये शोधावे लागेल.