'गेट' : एक खोली, पाच वर्षे

मराठीत 'गेट' म्हटले की फाटक डोळ्यांपुढे येते. इथे गेट म्हणजे नवऱ्याने स्वखुशीने द्यावयाची सोडचिठ्ठी. ती हाती पडेपर्यंत बाईला पुढचे फाटक बंद. रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ ह्या बहीणभावांनी २०१४ साली काढलेला हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला.

विवियान ही मोरोक्कन घरातली, केशभूषेच्या कामावर स्वतः कमावणारी बाई. नवरा एलिशा मारकुटा नाही, बाहेरख्यालीही नाही. धर्म पाळणारा माणूस. तो फक्त 'नाही' म्हणतो. त्या एका शब्दापायी पाच वर्षे तारखा पडतात. कॅमेरा रब्बींच्या न्यायालयाची खोली आणि बाहेरची बसण्याची जागा सोडून कुठेही जात नाही, आणि तरी कंटाळा येत नाही. वहिनी साक्ष देताना तोंड सोडते तेव्हा आपण खदखदून हसतो. विवियान नुसते केस मोकळे सोडते, तर दय्यान केवढे संतापतात! रोनितबाई स्वतः विवियान झाल्या आहेत. बोलण्यापेक्षा त्यांचे गप्प बसणे अधिक बोलते.

माझी तक्रार एकच आहे. सगळा राग त्या तीन दय्यानांवर निघतो. जरा मऊ मनाचे दय्यान असते तर बाई सुटली असती, असे वाटून प्रेक्षक घरी जातो. पण त्यांना त्या खुर्चीवर बसवले कोणी? १९५३ च्या कायद्याने इस्राएलातील ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवले. त्याआधी १९५१ चा स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा झाला, त्यातूनही लग्न-घटस्फोट वगळलेले. कामाच्या जागी मात्र कायदा बाईच्या पाठीशी उभा राहिला. बाळंतपणाची रजा १९५४ साली आली. आम्हा परिचारिकांना तिचे मोल सांगायला नको. समान वेतन १९६४ साली, नोकरीत समान संधी १९८८ साली. म्हणजे मालकाने बाई म्हणून पगार कमी दिला तर विवियान त्याला कोर्टात खेचू शकते. नवऱ्यापुढे तिने वाट पाहायची. १९९५ च्या कायद्याने अडून बसलेल्या नवऱ्याचा वाहन परवाना काढून घेता येतो, तुरुंगातही धाडता येते. पण गेट शेवटी त्याच्याच हातून यावे लागते.

ह्या दाराशी आपला समाजही उभा राहिलेला आहे. १९६२ साली रब्बानुतने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासण्याचा फतवा काढला. लग्नाचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे नव्हताच, म्हणून तो इतका बोचला. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे बायकामुलांसह यरुशलेमात ठाण मांडून बसली, क्नेसेटने ठराव केला, फतव्यातून आपले नाव निघाले. अधिकार मात्र जिथल्या तिथे राहिला. समान वेतनाचा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग मला विसरता येत नाही.

शेवटी एलिशा कोणती अट घालतो ते इथे सांगत नाही. लग्न ठरलेल्या नातींना शेजारी बसवून पाहावा. बोलणे हिब्रू, फ्रेंच आणि मोरोक्कन अरबीत आहे. घरातल्या म्हाताऱ्यांना मधून मधून मराठीत समजावून द्यावे लागेल.