‘वाटचाल’ : सीमेवरून वाचताना

वारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९६२ मध्ये तो इंग्रजीतही गेला. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर रोजची मजल चालताना इरावतीबाई भारावतात, पण डोळे उघडे ठेवतात. एकाच दिंडीत ब्राह्मण बायकांची चूल वेगळी, मराठा बायकांची वेगळी. बाई दोन्हीकडे जेवतात आणि ही फाळणी सलत असल्याचे स्पष्ट लिहितात. मुक्कामावरचे हे वास्तव एरवीच्या वारीवर्णनांतून गळून पडते.

याच लेखात त्यांना महाराष्ट्राची नवी ओळख सापडते : पंढरीला जाणाऱ्यांचा मुलूख तो महाराष्ट्र. १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यावर आम्हा सीमावासीयांना हे वाक्य म्हणजे दाव्याचा पुरावाच वाटला. मला मात्र ते अपुरे वाटते. माउलींच्या पालखीचे अश्व शितोळे सरकारांच्या अंकलीहून, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातूनच, पायी आळंदीला जातात हे खरे. पण कानडी बोलणारे वारकरीही पंढरीची वाट चालतात. त्यांना मराठी ठरवायचे, की वारीतून वगळायचे? दोन्हीत अन्यायच आहे.

चुलींमधले अंतर टिपणाऱ्या बाईंच्या व्याख्येत हा शेजारी सुटला. त्याने लेखाचे थोरपण उणावत नाही. आपण मात्र सभांतून व्याख्याच तेवढी सांगतो. चुलींचा परिच्छेदही सांगितला पाहिजे. आपल्याला त्याची गरज अधिक आहे.