निष्ठावंत प्रेक्षकाची टीका

‘टीका’ या शब्दाचे मराठीत दोन तुकडे झाले आहेत. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे आपण आदराने म्हणतो आणि त्याच सकाळी वर्तमानपत्रात ‘विरोधकांची सरकारवर टीका’ असा मथळा वाचतो. एका अर्थाने टीकाकार ग्रंथापाशी बसून त्याचा अर्थ लावतो, तर दुसऱ्या अर्थाने तो उणे काढतो. ही दोन्ही कामे एकाच माणसाने, एकाच ग्रंथाविषयी, वर्षानुवर्षे करावीत असे आज साहित्यात क्वचितच घडते. ते घडताना आम्ही पाहिले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी, ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेच्या निष्ठावंत प्रेक्षकांत. त्या प्रेक्षकांत आमचीही गणना होते, हे आरंभीच नमूद करतो, म्हणजे वाचकांनी आमच्या मतांतून पक्षपाताचा योग्य तो भाग वजा करावा.

साहित्यविषयक अंकात दूरचित्रवाणीला जागा कशासाठी, असा प्रश्न काही सभासद विचारतील. परंतु जी कथा १९६६ पासून आजवर, मध्ये खंड पडत का होईना, सांगितली जात आहे, जिच्यात शेकडो लेखकांचे हात लागले आहेत आणि जिची सुसंगती सांभाळण्याचे काम लेखकांइतकेच श्रोत्यांनी केले आहे, तिला आपल्या परंपरेत एक नाव आहे. ते नाव पुराण. पुराणाला जे नियम लागू होतात, तेच हिला लावून पाहावेत, एवढाच आमचा प्रस्ताव आहे.

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी आली. म्हणजे आम्ही ती पाहिली तेव्हा ती मायदेशी बंद पडून पंधरा-एक वर्षे लोटली होती. ज्या ताऱ्याचा प्रकाश आज दिसतो तो तारा आज असेलच असे नाही, हे खगोलशास्त्राचे पहिले पाठ आम्ही नकळत त्या मालिकेच्या रूपानेच गिरवले. पुढे नव्वदीत केबल आली, तिच्यासोबत १९८७ ते १९९४ या काळातली दुसरी मालिका ‘द नेक्स्ट जनरेशन’ आली, आणि आमची पाहणी निष्ठेत रूपांतरित झाली. ध्वनिचित्रफिती जमवल्या. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरात त्या गेल्या, त्यामुळे बरेच भाग आज आमच्या स्मरणातच काय ते आहेत.

निष्ठेची कथा सांगताना पत्रमोहिमेचा उल्लेख सर्वच करतात. दुसऱ्या हंगामानंतर मालिका बंद होणार अशी चिन्हे दिसताच ब्यो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांच्या पुढाकाराने प्रेक्षकांनी वाहिनीला पत्रांचा पाऊस पाडला आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीने प्रक्षेपणातच तिसऱ्या हंगामाची घोषणा केली. आम्ही नोकरीची सारी वर्षे अर्ज वाचण्यात घालवली. इतके अर्ज एकाच मागणीसाठी येतात तेव्हा वरिष्ठ काय करतात ते आम्हांला ठाऊक आहे. मागणी मान्य होते आणि तरतूद कापली जाते. येथेही तसेच झाले. मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली, पैसा घटला, रॉडनबेरी दूर सरले. तिसऱ्या हंगामाचा पहिलाच भाग असा आहे की त्यात स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि त्याचे मेंदूविरहित शरीर दूरनियंत्रकाने चालवले जाते. निष्ठावंतांनी लढून मिळवलेल्या हंगामाची ही सुरुवात! तिला मालिकेतील सर्वांत वाईट भागांपैकी एक ठरवले ते बाहेरच्या समीक्षकांआधी निष्ठावंतांनीच. येथे दुसऱ्या अर्थाची टीका दिसते. भाग पडला म्हणून त्यांनी पाहणे सोडले नाही, आणि पाहणे सोडले नाही म्हणून भाग चांगला होता असेही म्हटले नाही.

(या मंडळींस ‘ट्रेकी’ म्हणावे की ‘ट्रेकर’, यावरही वाद आहे. मराठीत ट्रेकर म्हटले की राजगड-तोरण्याची पायपीट करणारा डोळ्यांपुढे येतो, म्हणून आम्ही त्या वादात पडत नाही.)

आता पहिल्या अर्थाची टीका. पोथ्यांच्या अभ्यासकांना ‘पाठभेद’ आणि ‘प्रक्षेप’ हे शब्द परिचित आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पाठांत अशुद्धे शिरली होती म्हणूनच. दूरचित्रवाणीवर जे दिसते त्याला आपण ‘प्रक्षेपण’ म्हणतो, आणि या मालिकेत प्रक्षेपण व प्रक्षेप यांतील अंतर फार थोडे आहे. क्लिंगॉन नावाचे तिच्यातले लढवय्ये लोक पहाः १९६७ मध्ये ते साध्या कपाळाची, मिशीदार माणसे होती. १९७९ च्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर हाडांचे कंगोरे आले. कारण उघड होते, आता रंगभूषेला पैसा होता. पण पुराणाच्या श्रोत्याला असे उत्तर चालत नाही. त्याला कथेच्या आतले कारण हवे असते. सतरा वर्षे हा प्रश्न चर्चिला गेला. १९९६ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’च्या एका भागात जुन्या मालिकेच्या दृश्यांत नवी पात्रे मिसळली तेव्हा हा भेद समोरासमोर आला. वॉर्फ या क्लिंगॉन अधिकाऱ्याला विचारले असता, परक्यांशी आम्ही त्याविषयी बोलत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन तो गप्प बसतो. अखेर २००५ मध्ये दोन भाग खर्चून एका जनुकीय प्रयोगाची व साथीची कथा रचली गेली आणि सपाट कपाळांचा उलगडा झाला. समासातली टीप संहितेत शिरली. टीकेने मूळ ग्रंथ बदलल्याची इतकी स्वच्छ, सनावळीसह दाखवता येणारी उदाहरणे आमच्या वाचनात फार नाहीत.

भारतीय प्रेक्षकाला मात्र याहून जवळचा पाठभेद खान नूनियन सिंग याचा आहे. १९६७ च्या ज्या भागात तो प्रथम येतो, त्यात तो बहुधा उत्तर भारतातला शीख असावा असे सांगितले आहे. नावात खान, आडनावात सिंग, आणि भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्तलबान यांची. २०१३ च्या चित्रपटात तीच भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या इंग्रज नटाने केली. उलटपक्षी १९७९ च्या चित्रपटात मुंबईच्या पर्सिस खंबाटा आहेत, मुंडन करून, परंतु त्या परग्रहावरच्या स्त्रीच्या भूमिकेत. भारतीय पात्राला भारतीय नट नाही आणि भारतीय नटीला भारतीय पात्र नाही. चोविसाव्या शतकापर्यंत दृष्टी पोचलेल्या लेखकांना विसाव्या शतकातला भारत नीट दिसला नाही, हा दोष आम्ही निष्ठेपोटी झाकणार नाही. मालिकेच्या पंचांगाप्रमाणे १९९२ ते १९९६ या काळात खान हा आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत पृथ्वीच्या चतुर्थांशाहून अधिक भागाचा स्वामी होता. म्हणजे सप्टेंबर १९९४ मध्ये, प्लेगच्या बातमीने अर्धे सुरत गाव सोडून निघाले तेव्हा, आमचा राज्यकर्ता तो असावयास हवा होता. २०२३ च्या एका भागात काळप्रवाशांच्या ढवळाढवळीने ती घटना पुढे सरकली असा खुलासा मालिकेने केला. हाही टीकेचाच परिणाम.

मराठीत अशी निष्ठा विज्ञानकथेला का लाभली नाही? लेखकांची उणीव होती असे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली तेव्हापासून लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी नावे ओळीने घेता येतात. परंतु नारळीकरांची कथा एखाद्या प्रमेयासारखी सिद्ध होऊन संपते. तिच्यातला शास्त्रज्ञ पुढच्या कथेत आपल्याला भेटत नाही. निष्ठा जडते ती पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसांवर. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला ती लाभली, कारण फुरसुंगीचा बन्या पुस्तकामागून पुस्तकांत परत येत राहिला. दूरदर्शनवरची ‘स्पेस सिटी सिग्मा’ किंवा १९९८ ची ‘कॅप्टन व्योम’ यांना मुळे धरण्याइतका अवधीच मिळाला नाही.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. ‘दारमोक’ हा ‘नेक्स्ट जनरेशन’चा भाग १९९१ मध्ये प्रथम दाखवला गेला. कप्तान पिकार्डची गाठ तामा नावाच्या लोकांशी पडते. भाषांतर-यंत्र त्यांचा प्रत्येक शब्द समजतो, तरी बोलणे कळत नाही. कारण ते लोक केवळ दाखल्यांनी बोलतात. अपयश म्हणावयाचे तर कोणा एकाचे नाव घेऊन भिंती कोसळल्याचे सांगतात. दान म्हणावयाचे तर दुसऱ्याचे नाव घेऊन त्याचे पसरलेले हात दाखवतात. त्यांचा कप्तान डेथॉन पिकार्डला एका निर्जन ग्रहावर ओढून नेतो. तनाग्रा या स्थळी दारमोक आणि जलाद हे दोन परके एका श्वापदाशी लढता लढता मित्र झाले. तोच दाखला दोघांनी मिळून जगावा, अशी त्याची योजना असते. तीत तो प्राण गमावतो. मरणाऱ्या डेथॉनला पिकार्ड शेकोटीपाशी गिल्गमेशची कथा सांगतो, ते दृश्य समग्र मालिकेत आम्ही सर्वोच्च मानतो. कारण तेथे समजावणे संपते आणि श्रवण सुरू होते.

या भागावर एक आक्षेप फार जुना आहे. सारी भाषाच दाखल्यांची असेल तर मूळ कथा मुलांना सांगणार कोणत्या भाषेत? मराठी माणसाला हा आक्षेप अडवू शकत नाही. ‘ध चा मा केला’ हे आपण लहानपणी योग्य जागी वापरू लागतो. नारायणराव, आनंदीबाई आणि १७७३ हे साल मागाहून येते. कित्येकांच्या बाबतीत येतच नाही, आणि इतिहासकार त्या पत्राच्या आख्यायिकेविषयी साशंक आहेत याने वाक्प्रचाराचे काही बिघडत नाही. पानिपत झाले, अटकेपार झेंडे लावले, हे सारे तामा लोकांचेच व्याकरण आहे. दाखला आधी, कथा नंतर. मूल तसेच शिकते.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो सुरतेत राहिल्यामुळेच सुचला. मराठी शाळेत ‘सुरत’ हा एक दाखला आहे. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०, स्वराज्याचा खजिना, मोगलांच्या वर्मावर घाव. उच्चारताच पराक्रमाचा अर्थ उमटतो. या नगरात मात्र तेच साल वेगळ्या रांगेत उभे असते. विरजी व्होरा यांची हवेली लुटली गेली ते साल, १८३७ च्या आगीच्या आणि तापीच्या पुरांच्या रांगेत. लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी मुलाने मराठी माध्यमाच्या वर्गात शिकलेला दाखला गल्लीतल्या गुजराती मित्रापुढे उच्चारला, तर शब्द पोचतो आणि अर्थ उलटतो. दोघेही खोटे बोलत नसतात. दाखल्याने भाषा बनते, परंतु त्या कथेत तुम्ही कोणत्या बाजूस उभे होता हेही तो विचारतो. ‘दारमोक’च्या लेखकांनी हा प्रश्न सोडून दिला. तामा ग्रहावर सारे एकाच बाजूला आहेत. तनाग्राच्या श्वापदाचे कोणी वंशज त्यांच्यात राहत नाहीत. पिकार्डही गिल्गमेश निवडतो, जिच्यावर आता कोणाचा दावा नाही अशी प्राचीन कथा. ज्या कथेत त्याचे पूर्वज लुटारू होते किंवा लुटले गेले होते, तशी एखादी सांगून त्याने मैत्री साधली असती, तर भाग आजच्याहून मोठा झाला असता.

हा दोष आम्हांला पहिल्यांदा पाहताना दिसला नव्हता. पाचव्या-सहाव्या वेळी, मुले घरात आपसांत गुजराती बोलू लागल्यावर, दिसला. एकदाच पाहून परीक्षण लिहिणाऱ्याला तो दिसण्याचे कारण नाही. निष्ठेचा समीक्षेला उपयोग होतो तो असा.

तामा लोक पुढे बराच काळ मालिकेत विस्मृतीत गेले होते. २०२१ मध्ये ‘लोअर डेक्स’ या विनोदी ॲनिमेशन मालिकेत त्यांच्यापैकी केशॉन नावाचा एक अधिकारी जहाजावर नोकरीस आलेला दिसतो. तो सर्वांना समजेल असे बोलतो. मध्येच एखादा दाखला तोंडून निसटतो आणि सहकारी गोंधळून पाहतात. विनोद त्याच्या त्या निसटण्यावर बेतलेला आहे. त्याचे घर मालिकेने दाखवलेले आमच्या पाहण्यात नाही. त्याला मुले असतील तर ती जहाजावर लहानाची मोठी होत असतील, आणि तनाग्रा म्हटल्यावर त्यांना काय आठवत असेल, याविषयी पुढच्या एखाद्या लेखकाने लिहावे अशी आमची सूचना आहे.